हौसाक्काची बी

“हात आत घालू नका, सायेब. खोली तापलीया.”

मी हात मागे घेतला, खिशातून थर्मामीटर काढला आणि दाराच्या फटीतून आत सरकवला. हौसाक्का भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. घमेलंभर टरफलं तिने आत लोटली, सळईने जाळ सारखा केला आणि माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघत विचारलं, “त्या काचंच्या कांडीला कळतंय व्हय?”

“कळतं की.”

“बरं झालं. मला आपलं गालाला झळ लागली की कळतंय. तुमचे गाल नाजूक. तुमी कांडीच वापरा.”

मागे काजूची साल सोलत बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसलो, पण जरा रागानेच. त्या वयात थट्टा पचत नाही.

आजऱ्याजवळचा तो बायकांच्या सहकारी संस्थेचा काजू कारखाना. मी पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत नुकताच चिकटलो होतो. अनुभव चिमूटभर आणि रुबाब पोतंभर. दिवस भारनियमनाचे होते. वीज आली तर आली, नाही तर कारखान्यातला म्हातारा जनरेटर धडधडत चालायचा. तो आता मान टाकायच्या बेतात होता. नवं इंजिन कोणतं घ्यायचं हे संस्थेला सांगायला कंपनीने मला पाठवलं होतं.

इंजिन डिझेल खातं, पण त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती लागतो. बाकीची ऊब इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून आणि धुराच्या नळीतून वाया जाते. ती पकडून कामाला लावली तर एकाच डिझेलात वीजही मिळते आणि उष्णताही. काजूच्या कारखान्याला दोन्ही हवं असतं. बी फोडून काढलेला गर गरम खोलीत बराच वेळ वाळवला की मगच त्याची साल सुटते. ती खोली तापवायची हौसाक्काची भट्टी, आणि भट्टीत जळायची काजूचीच टरफलं.

त्या टरफलांत तेल असतं. ती जळली की काळा, घशाला झोंबणारा धूर होतो. वारा फिरला की तो धूर भिंतीपलीकडच्या फोडणीच्या शेडमध्ये शिरायचा. तिथे बायका ओळीने यंत्रांपुढे बसून बी फोडत. त्यांतच हौसाक्काची सून होती, सुगंधा. आधीच बारीक चणीची, त्यात धुराने धरलेला खोकला. ती खोकायला लागली की इकडे हौसाक्काचा सळईवरचा हात थांबायचा. खोकल्याची उबळ ओसरली की पुन्हा चालू. हे मी रोज बघत होतो, आणि मला वाटायचं म्हातारी दम खायला थांबते.

टरफलाचं ते तेल हातालाही लागतं. फोडणीच्या बायका हाताला एरंडेल आणि राख चोळून बसतात, तरी बोटं काळी व्हायची ती होतातच. हौसाक्काचं तेवढ्यावर भागत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने आपले तळहात माझ्यापुढे धरले होते. कातडीवर पांढरट डाग होते, भाजल्यासारखे.

“भट्टीचे न्हवंत हे,” ती म्हणाली. “आदी फोडणीला बसत हुते, तवाचे. मला ते त्याल सोसतच न्हाई. हात असे उठले की भाकरी मोडून खाता येईना. ह्या सुगंधानं भरवलं मला. नवी नवरी, हातची मेंदी गेली नव्हती, पर घास करून भरवायची. मग शालनताईंनी भट्टीवर घेतलं. आता ही भट्टी हाय तंवर माझं बरं हाय.”

एवढं सगळं तिने मला सरळ सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सगळी मोजमापं झाली तेव्हा माझ्यापुढे दोन इंजिनं उरली. धाकटं इंजिन कारखान्याला लागणाऱ्या विजेपुरतं होतं. त्याची ऊब वाळवणीच्या खोलीला निम्मीच पुरली असती. उरलेलं काम भट्टीने करायचं. थोरलं इंजिन उष्णतेच्या मापाने होतं. त्याने खोली पूर्ण तापली असती, आणि जास्तीची वीज शेजारची भातगिरणी घ्यायला तयार होती. दोन्ही निवडी बरोबर होत्या. एखादी चूक असती तर माझी सुटका झाली असती. धाकटं इंजिन कमी जोखमीचं, थोरलं जास्त फायद्याचं, आणि थोरल्याबरोबर भट्टी कायमची बंद.

पुण्याहून आमचे साहेब फोनवर म्हणाले, “भट्टी पूर्ण बंद होत असेल तर सोन्याहून पिवळं. चार लोकांना नेऊन दाखवता येईल.” ती हौस मलाही होतीच. मी मनातल्या मनात त्या चार लोकांना कारखाना दाखवूनसुद्धा आणला.

दुपारच्या सुट्टीत बायका डबे सोडून बसल्या होत्या. हौसाक्काने मला भट्टीपाशी बोलावलं आणि वाळलेल्या गराचे तुकडे माझ्या हातावर ठेवले.

“सायेब, दोन इंजिनं हायत म्हनं. धाकलं आन थोरलं.”

“हो.”

“धाकलं आलं तर भट्टी ऱ्हातीया?”

“राहते. निम्मी ऊब इंजिनाची, निम्मी तुमची.”

“आन थोरलं आलं तर?”

तोंडात काजू होता म्हणून मला जरा उसंत मिळाली. तो मी गरजेपेक्षा जास्त चावला.

“भट्टी नसेल,” मी म्हणालो. “पण माणूस लागेलच ना. इंजिनाचं गरम पाणी नळीतून खोलीकडे जाणार. ते किती तापलंय, खोली किती तापलीय, हे बघायला कुणीतरी हवंच. ते तुम्ही बघाल.”

असं काहीही नव्हतं. त्या नळीवर आपोआप उघडझाप करणारी झडप बसायची होती. ती मीच निवडली होती. आणि इंजिनापाशी शिकलेला ऑपरेटर हवा ही विकणाऱ्या कंपनीची अटच होती. नळीपाशी माणसाला करण्यासारखं काही नव्हतं.

हौसाक्काने माझ्याकडे बघितलं. “म्हंजे मी नळीम्होरं बसायचं?”

“बसायचं.”

“जाळ न्हाई?”

“नाही.”

“धूर?”

“धूर अजिबात नाही. ते मात्र खरं.”

तिने मान हलवली. पलीकडे सुगंधा खोकत होती. हौसाक्का उठली, पदर झटकला आणि म्हणाली, “बेस झालं मग.”

मला वाटलं, गड सर झाला.

सभेच्या आधी शालनताई देसायांनी मला ऑफिसात गाठलं. त्या संस्थेच्या अध्यक्षा. बोलायला तिखट, पण बायकांसाठी तहसीलदाराच्या दारात ठिय्या देऊन बसणाऱ्या.

“सर, थोरलं घ्यावं असं मलाबी वाटतंय. पण हौसाक्काचं काय? तिला फोडणीला बसवता येत नाही, आणि घरी बस म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.”

“मी बोललोय त्यांच्याशी,” मी म्हणालो. “इंजिनाकडे त्यांना काम देता येईल. त्यांची काही हरकत नाही.”

“देता येईल?”

“येईल ना.”

शालनताईंचा चेहरा सैल झाला. त्यांनाही तेच ऐकायचं होतं बहुतेक. खोटं बोलणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या संस्थेत मतदानाची एक रीत होती. चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. मध्ये दोन सुपं मांडायची, आणि प्रत्येक बाईने पोत्यातली एक कच्ची बी उचलून हव्या त्या सुपात सगळ्यांदेखत टाकायची. जे करायचं ते तोंडावर, मागून कुजबुज नको, असं पहिल्या सभेतच ठरलेलं. जिंकलेल्या सुपातल्या बिया मग कुंपणालगत पुरायच्या. कारखान्याभोवतीची निम्मी झाडं अशा सभांतून उगवलेली होती.

मी उभा राहून दोन्ही इंजिनं समजावून सांगितली. तव्यावरच्या तीन भाकऱ्यांतली एकच पोटात जाते आणि दोन वाऱ्यावर उडतात, थोरलं इंजिन त्या दोन पकडून आणतं, असं काहीतरी बोललो. बायका हसल्या. धूर जाणार म्हटल्यावर फोडणीच्या ओळीत चुळबुळ झाली. भाषण जमलं होतं. मी खाली बसलो.

आणि कुणीच उठेना.

पोतं समोर होतं, सुपं समोर होती. डावीकडे धाकटं, उजवीकडे थोरलं. बायका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होत्या आणि चोरून हौसाक्काकडे बघत होत्या. तिच्यादेखत थोरल्याच्या सुपात बी टाकायची कुणाची छाती होईना. सुगंधा मान खाली घालून बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता, खोकला दाबायला. शालनताई म्हणाल्या, “उठा गं कुणीतरी. रात काढणार हाय का हितं?” तरी कुणी हललं नाही.

मग हौसाक्का उठली. गुडघ्यावर हात टेकून, ‘अगं आई गं’ करत. पोत्यातली बी निवडायला तिला वेळ लागला. बाजारात वांगी निवडावीत तशी तिने एक उचलली, टाकली, दुसरी घेतली, आणि ती थोरल्या इंजिनाच्या सुपात टाकली.

“आत्ती!” सुगंधा ओरडलीच. “अवो, काय केलासा हे?”

“काय केलं? सायेब म्हनल्यात, मला नळीम्होरं बसवनार हायत,” हौसाक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “जाळ न्हाई, धूर न्हाई, नुस्तं बसायचं. म्हातारपनी आनि काय पायजेल? व्हय का न्हाई वो, सायेब?”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. माझी मान इतकी सहज कशी हलली याचं मला आजही नवल वाटतं.

मग बायका भराभर उठल्या. कोरड्या बियांचा सुपात खडखड आवाज होत राहिला. डावं सूप जवळजवळ रिकामंच राहिलं.

इंजिन आलं तेव्हा मी हजर होतो. गडहिंग्लजचा एक पोरगेलासा ऑपरेटर प्रमाणपत्र घेऊन रुजू झाला. शालनताईंनी नारळ फोडला, खोली तापली, धूर नाही, राख नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाक्का त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली होती. ती गरम पाण्याच्या नळीपाशी गेली आणि तिने वरून हात फिरवला.

“ह्यी तर गार हाय.”

“आत गरम आहे, आक्का,” मी म्हणालो. “वरून जाड वेष्टन आहे. ऊब बाहेर पडता कामा नये.”

“अस्सं. म्हंजे शेकायचीबी सोय न्हाई.”

बायका हसल्या. त्यांच्यामागून शालनताई माझ्याकडे बघत होत्या. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलंच, “सर, हिला नेमकं काय काम द्यायचं?” मी म्हणालो, “कंपनीच्या अटी जरा आडव्या येतायत. पुण्याला गेलो की बघतो.”

पुण्याला गेलो. बघितलं नाही.

काम नसलेल्या बाईला रोज पगार देणं संस्थेला परवडेना, आणि फुकटचा पगार हौसाक्काला घेववेना. ती आपणहून फोडणीला बसली. एका हंगामात तिचे हात पुन्हा उठले. हे शालनताईंनी मला फोनवर सांगितलं, एकही वावगा शब्द न वापरता. मी चांगल्या डॉक्टरला विचारून मलमाच्या ट्यूब पाठवल्या. नंतर पुन्हा पाठवल्या. चार लोकांना कारखाना दाखवायची वेळ आली तेव्हा मी आजारी असल्याचं सांगून दुसऱ्याला धाडलं. ती नळी दाखवताना मला तोंड सांभाळता आलं नसतं. तरी त्या कामाच्या जोरावर बढती मिळाली ती मी घेतलीच.

वर्षं गेली. इंजिनही थकलं. एक दिवस शालनताईंचा फोन आला. “सर, आता नवं बघायला पाहिजे. पहिलंपण तुम्हीच निवडलं होतं. या एकदा.” नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि येतो म्हणालो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर काजूच्या झाडाखाली चहाचा गाडा होता. पुढे चूल, चुलीपुढे हौसाक्का. केस पार पांढरे. मी दिसताच तिने डोळ्यांवर हात धरला.

“कांडीवालं सायेब न्हवं? बसा. गाल लय सुटले की वो तुमचे.”

मी बाकड्यावर बसलो. ती जाळ सारखा करत होती. बोटांची टोकं काळी, तळहातावर जुन्या डागांवर नवे डाग. वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना.

“हौसाक्का, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.”

“ठावं हाय.”

“नंतर कळलंच असेल सगळ्यांना, पण—”

“नंतर न्हवं. तवाच.” तिने फुंकणीने चूल फुंकली. “तुमीच म्हनलासा की. धूर अजिबात न्हाई, ते मात्र खरं. म्हंजे त्याच्या आदीचं समदं खोटं. आन पान्याच्या नळीम्होरं कोन बाई बसवतंय वो? नळीला काय पळून जायाचं हाय?”

“मग बी का टाकलीत तिथं?”

“सुगंधासाठी. तिचा खोकला माझ्याच जाळाचा. जिनं मला घास भरवला तिलाच मी रोज धूर चारत हुते. लई दीस मनात हुतं, पर भट्टी सोडायचं धाडस हुईना.” आतून फोडणीच्या यंत्रांचा खटखटाट येत होता. तिने तिकडे मान वळवली. “आता ऐका. येतोय का खोकला?”

येत नव्हता.

“पण सभेत ते मोठ्यानं का सांगितलंत? मी तुम्हाला बसवणार म्हणून?”

“न्हाईतर एकीनं तरी बी टाकली असती व्हय? समद्या माझ्या तोंडाकडं बघत हुत्या. तुमचं खोटं आयतं हाताशी हुतं, तेच म्होरं केलं.”

काय सांगू, मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जे ओझं बाळगलं ते नव्हतंच की! ही फसलीच नव्हती. तिने जाणूनबुजून केलं होतं. मी जवळजवळ हसलो.

हौसाक्का हसली नाही. तिने चहा गाळला आणि पेला माझ्यापुढे ठेवला.

“पर सायेब, तुमी खरं बोलला असता तर बरं झालं असतं. मी सभेत हुभी ऱ्हाऊन सांगितलं असतं, बायांनो, माझी भट्टी मी सोडली, माझ्या सुनंसाठी सोडली, टाका तुमीबी. बी तितंच पडली असती. पर ते माझं देनं झालं असतं. आता समदं गाव म्हंतंय, हौसाक्का भोळी, सायबानं तिला फशिवली. सुगंधाबी तेच म्हंती. रोज सांच्याला माझ्या हाताला खोबरेल चोळती आन म्हंती, आत्ती, कसं वो फसलासा तुमी. माझी कीव करती.”

“तुम्ही तिला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. तिला वाटतंय, म्हातारी लाज झाकाय बोलती.” तिने वर झाडाकडे बघितलं. “ह्या कुंपनातलं एक झाड माझ्या बीचं हाय. कंचं ते आता कुनाला ठावं?”

मी पेला खाली ठेवून उठलो. “मी सांगतो सुगंधाला. आत्ता आत जाऊन सांगतो, की तुम्हाला सगळं माहीत होतं.”

तेव्हा मात्र ती हसली. भट्टीपाशी हसायची तशीच.

“तुमी सांगनार?” ती म्हणाली. “सायेब, तुमचं कोन खरं धरंल?”

मी उभाच राहिलो. आतून यंत्रांचा आवाज येत होता, आणि फाटकात शालनताई नव्या इंजिनांची माहितीपत्रकं घेऊन माझी वाट बघत होत्या.

“बसा,” हौसाक्का म्हणाली. “च्या निवतोय.”